वाट्याला दोन गाणी

बीटल्सच्या ‘अँड आय लव्ह हर’ या १९६४ च्या गाण्यात नायलॉनच्या तारांच्या गिटारवर चार सुरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. हे गाणं गिटारवर काढायला बसलेल्या कुणाचीही बोटं शब्दांच्या आधी त्या चार सुरांकडे जातात. तो तुकडा बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने स्टुडिओत सुचवला. हे पॉल मॅकार्टनीने स्वतः जाहीरपणे सांगितलंय, आणि त्या तुकड्याशिवाय गाणं उभं राहिलं नसतं हेही कबूल केलंय. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून नाव आहे लेनन–मॅकार्टनी, म्हणजे बँडमधल्या गाणी लिहिणाऱ्या जोडीचं. हॅरिसनच्या वाट्याला आली वाजवण्याची रॉयल्टी, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या रिंगोच्या वाट्याला आली तेवढीच.

गाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेल्या गिटारवादकाचा पहिला अल्बम आला की त्यावर लिहिणारे सगळे एकाच वाटेने जातात: दबलेली प्रतिभा मोकळी झाली, पिंजऱ्याचं दार उघडलं, वगैरे. हॅरिसनच्या १९७० च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’बद्दल गेली पन्नासहून अधिक वर्षं हेच लिहिलं जातंय. त्यात खोटं काही नाही, पण त्यात मुद्दा हरवतो. असा अल्बम म्हणजे थकलेल्या बाकीची मागणी असते. बँडच्या वहीत जे कधी नोंदलंच गेलं नाही, ते कलाकार बाहेर जाऊन स्वतःच्या वहीत लिहितो. आणि गंमत अशी की वही नवी असली तरी नोंदी ठेवायची पद्धत तो जुनीच नेतो. म्हणून ‘तो बाहेर पडला ते बरं झालं का’ यापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गाणं बनताना खोलीत जे जे रचलं जातं, त्याला रचना म्हणायचं की नाही?

आधी हॅरिसनचा हिशेब. १९६३ च्या ‘विथ द बीटल्स’मध्ये १४ पैकी त्याचं १ गाणं. पुढच्या दोन अल्बमांत शून्य. ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’मध्ये प्रत्येकी २, ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये ३, ‘सार्जंट पेपर’मध्ये १, १९६८ च्या दुहेरी अल्बममध्ये ३० पैकी ४, ‘ॲबी रोड’वर १७ पैकी २. यामागे दुष्टपणा शोधायचं कारण नाही, एलपीचं गणितच तसं होतं. तेहतीस फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं नीट बसतात. त्यापलीकडे गेलं की खाचा जवळजवळ येतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते, खर्जातला भरीवपणा जातो. म्हणजे अडीच-तीन मिनिटांची १४ गाणी, आणि घरात आधीच दोन बारमाही गाणी लिहिणारे. तिसऱ्याला उरतं ते पंक्तीच्या शेवटी बसलेल्याला उरतं तेवढं.

पण पैशाचं गणित एलपीने ठरवलेलं नव्हतं. गाण्यांचे हक्क सांभाळणारी ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही कंपनी १९६५ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा लेनन आणि मॅकार्टनीकडे प्रत्येकी १५ टक्के भाग होते. हॅरिसन आणि रिंगोकडे प्रत्येकी ०.८ टक्के. हॅरिसन १९६८ पर्यंत याच कंपनीशी करारबद्ध होता, म्हणजे त्याने स्वतः लिहिलेल्या गाण्याच्या प्रकाशनातून कंपनीला नफा झाला तर त्यातही मोठा वाटा त्या दोघांचा. ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ या गाण्यात त्याने हाच राग काढलाय: कसेही कॉर्ड लावा, काहीही शब्द घाला, काय फरक पडतो?

१० जानेवारी १९६९ ला, ट्विकनहॅमच्या चित्रीकरण स्टुडिओत तालमी चालू असताना, हॅरिसन उठला आणि निघून गेला. त्याच दिवशी त्याने ‘वा-वा’ लिहिलं. वा-वा हे गिटारच्या एका पेडलचं नाव, आणि इथे डोकेदुखीचंही. काही दिवसांनी तो परत आला, पण ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, ‘लेट इट डाउन’, ‘हिअर मी लॉर्ड’ ही त्या महिन्यात बँडसमोर वाजवलेली गाणी बँडच्या अल्बमवर आली नाहीत. ‘इझन्ट इट अ पिटी’ तर १९६६ पासून पडून होतं. १० एप्रिल १९७० ला मॅकार्टनीने जगाला सांगितलं की आपण आता बीटल्समध्ये नाही, तेव्हा हॅरिसनकडे दोन एलपी पुरून उरतील एवढा साठा होता. ‘त्याने बँड सोडला’ असं म्हणणं इथे जरा सैल आहे. आधी तो सोडून गेला, परत आला, आणि मग बँडच राहिला नाही.

‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा त्याचा पहिला एकल अल्बम नव्हता, असं जाणकार लगेच म्हणतील, आणि ते बरोबर आहे. ‘वंडरवॉल म्युझिक’ १९६८ चा, आणि त्याचा मोठा भाग त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला आहे. शिवकुमार शर्मा त्यात संतूर वाजवतायत. त्याच दिवसांत, १२ जानेवारीला, तिथेच ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ मुद्रित झाला. ते गाणं मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागे आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना आली ती ही पहिली. मुंबईत वाजवणाऱ्यांचं नाव त्या छोट्या तबकडीच्या लेबलवर कुठेही नाही. पण गाण्यांचा अल्बम म्हणून १९७० चाच धरायला हवा.

तो कसा बनला हे जवळून बघण्यासारखं आहे. काम २६ मेच्या सुमारास ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत सुरू झालं. निर्माते दोन, हॅरिसन आणि फिल स्पेक्टर. ध्वनिमुद्रक केन स्कॉट आणि फिल मॅक्डोनल्ड. स्पेक्टरची पद्धत प्रसिद्ध आहे: एका वाद्याचं काम चारजणांनी एकाच वेळी करायचं. दोन ड्रमर, दोन-तीन कळफलक, आणि बॅडफिंगर बँडमधल्या मंडळींना एका कोपऱ्यात बसवून सगळ्यांनी तेच कॉर्ड ॲकॉस्टिक गिटारवर झोडपायचे. एकेक गिटार वेगळी ऐकू येत नाही, सगळ्या मिळून एक घसघशीत झालर तयार होते. टेप आठ ट्रॅकची, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवायला तिच्यावर आठच पट्टे. एवढी माणसं आठ ट्रॅकवर बसवायची म्हणजे तीन-चार वाद्यं एकाच ट्रॅकवर जाणार, वर त्यांचा घुमारा तिथल्या तिथेच टेपवर उतरणार. पुढे जागा हवी म्हणून ते सगळं दुसऱ्या टेपवर उतरवायचं, ट्रायडेंट स्टुडिओत १६ ट्रॅकवर न्यायचं, आणि मग त्यावर कोरस आणि तंतुवाद्यं. कोरस बव्हंशी हॅरिसन एकटाच, आपल्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढवत. कव्हरवर त्या गायकवृंदाला त्याने ‘जॉर्ज ओ’हारा-स्मिथ सिंगर्स’ असं भारदस्त नाव दिलंय.

या पद्धतीत एक गोची आहे, ती घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या आजच्या पोरांनीही लक्षात ठेवावी. घुमारा वाद्याबरोबर टेपवर छापला गेला की तो वेगळा काढता येत नाही. २००१ च्या आवृत्तीत हॅरिसनने स्वतः लिहिलं की काही गाणी या भव्य निर्मितीतून सोडवावीशी वाटतात, पण तेव्हा त्याने मूळ मिश्रण तसंच ठेवलं. २०२१ मध्ये मूळ मल्टिट्रॅकवरून पुन्हा मिश्रण झालं, तेव्हा त्याचा आवाज पुढे आला आणि धुकं कमी झालं. कमी झालं, गेलं नाही. टेपवर उतरलेलं ते उतरलेलंच.

नोव्हेंबर १९७० मध्ये तीन तबकड्यांची पेटी बाजारात आली. अमेरिकेत ती सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, आणि ‘माय स्वीट लॉर्ड’ हे कुठल्याही माजी बीटलचं अमेरिकेतलं पहिलं अव्वल गाणं ठरलं. पहिल्या दोन तबकड्यांवर १८ मुद्रणं. त्यात एक बॉब डिलनचं गाणं, एक डिलनबरोबर लिहिलेलं, आणि ‘इझन्ट इट अ पिटी’ दोनदा. तिसऱ्या तबकडीवर ‘ॲपल जॅम’ नावाखाली मोकळं वाजवणं.

ही तिसरी तबकडी मला पुराव्यासारखी वाटते, पण हॅरिसनच्या विरुद्ध बाजूने. ज्याला वर्षानुवर्षं ‘नाही’ ऐकावं लागलं, त्याच्याभोवती आता ‘नाही’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. स्पेक्टरने ऑगस्टमध्ये गाण्यागणिक सूचनांचं सविस्तर पत्र पाठवलं होतं, पण पत्र म्हणजे खोलीत समोर बसून तोंड वाकडं करणारा जोडीदार नव्हे. त्या तबकडीवरचा ४९ सेकंदांचा वाढदिवसाचा विनोद तर दुसऱ्याच्या गाण्याच्या चालीवर बेतलेला निघाला, आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’च्या रचनाकारांनी आपला हक्क मागितला. हात दाखवून अवलक्षण. दोन गाण्यांचा कोटा अन्यायाचा होता, पण ती चाळणीही होती. त्या चाळणीतून ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ आली. म्हणून माझी तक्रार किती गाणी घेतली यावर नाही. गाणी निवडताना बँडने कठोर असावंच. घेतलेल्या गाण्यात कुणी काय रचलं याची नोंद न ठेवणं, तक्रार तिथे आहे.

आणि नव्या वहीत जुनीच पद्धत म्हणतो ते इथे दिसतं. ‘माय स्वीट लॉर्ड’चं बीज डिसेंबर १९६९ मध्ये कोपनहेगनला पडलं, आणि ते फुलवताना बिली प्रेस्टन कळफलकावर होता. प्रेस्टननेच ते आधी, सप्टेंबर १९७० मध्ये, आपल्या अल्बमवर गायलं. रचनाकार म्हणून नाव एकट्या हॅरिसनचं. पुढे कोर्टकचेरी झाली तेव्हा न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनी निकालपत्राच्या एका तळटीपेत असं नोंदवलं की काही भागाचा रचनाकार प्रेस्टन असू शकतो, पण आपण हॅरिसनलाच रचनाकार धरतो, कारण या दाव्यापुरता त्याने फरक पडत नाही. ‘अँड आय लव्ह हर’च्या चार सुरांचा धनी आता दुसऱ्याच्या सुरांवर आपलं एकट्याचं नाव लावून बसला होता. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात वाढला तिथली रीत त्याने उचलली, एवढंच.

हा खटला मराठी वाचकाने एकदा पेटीवर वाजवून बघावा असा आहे. शिफॉन्स या गायिकांच्या गटाने १९६३ मध्ये गाजवलेल्या ‘ही’ज सो फाइन’शी ‘माय स्वीट लॉर्ड’ जुळतं, असा दावा फेब्रुवारी १९७१ मध्ये दाखल झाला. न्यायाधीशांनी दोन तुकडे वेगळे काढले. पहिला आपल्या भाषेत प ग रे. दुसरा प ध सां ध सां. जुन्या गाण्यात पहिला चारदा, मग दुसरा चारदा. हॅरिसनच्या गाण्यात पहिला चारदा, दुसरा तीनदा, आणि चौथ्याच्या जागी जोडणारा वेगळा भाग. दुसऱ्या तुकड्यात एका जागी वरच्या रे चा एक कण लागतो, तोही दोन्हीकडे. साथीचे कॉर्डही तेच. सुटे सूर बघितले तर सगळे भूपातले. भूपातल्या पाच सुरांवर कुणाची मालकी सांगता येणार नाही, पण तेच दोन तुकडे, त्याच क्रमाने, जवळजवळ तेवढ्याच वेळा आणि त्याच कणासह आले की योगायोग म्हणणं अवघड जातं. १९७६ चा निकाल असा की नक्कल झाली, पण नकळत, अबोध मनातून. नुकसानभरपाईचा आकडा १५,९९,९८७ डॉलरवर गेला. मधल्या काळात हॅरिसनचा माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने जुन्या गाण्याची मालक कंपनीच ५,८७,००० डॉलरला विकत घेतली होती. १९८१ मध्ये न्यायालयाने त्याला, व्याज सोडलं तर, त्याहून एक पैसा जास्त मिळू दिला नाही.

पण आकडे सोडा, न्यायालयाने काय मोजलं ते बघा. गळ्यातून गाता येईल ती चाल, आणि तिच्याखालचे कॉर्ड. ‘माय स्वीट लॉर्ड’ रेडिओवर लागलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात जे ओळखू येतं, ती गिटारींची झालर आणि मग एकमेकांच्या बाजूने सरकत जाणाऱ्या दोन स्लाइड गिटारींची ओळ, त्याला या मोजमापात कुठलंच वजन नाही. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून तारेवरून घसरवणं. हॅरिसनची ती ओळ आधी ठरवून, दोनदा वाजवून, सुरांच्या मेळात बसवलेली आहे. ऐनवेळी सुचलेली हरकत ती नव्हे. गाण्याची ती अर्धी ओळख आहे, आणि तरीही कायद्याच्या लेखी ती बहुधा ‘वाजवणं’ ठरेल.

गिटारवादकाचं दुखणं नेमकं हे आहे. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर बंदिश आणि बढत यांत फरक आहे. बंदिश बांधणाऱ्याची, बढत गाणाऱ्याची. रॉकमधला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा वाद्याचा छोटा तुकडा, दिसतो बढतीसारखा, कारण तो वाद्यावर वाजतो आणि वादकाच्या बोटांतून येतो. पण तो रोज बदलत नाही. तो ठरलेला असतो, परत परत येतो, गाणं त्यावर उभं असतं. म्हणजे तो बंदिशीचा भाग आहे. मोकळा सोलो, जो दर कार्यक्रमात वेगळा होतो, तो बढत. ही रेघ बँडमध्ये कुणी आखत नाही, आणि सगळं एकाच पोत्यात जातं.

मग रेघ कुठे मारायची? एक साधी कसोटी आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना आधीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी हे गाणं वाजवायला घेतलं तर तो तुकडा तसाच्या तसा वाजवावा लागतो का? गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मुखडा आणि अंतरा यांमधला म्युझिक पीस चुकला तर मागच्या रांगेतला माणूससुद्धा मान हलवतो. जे चुकलं म्हणून कळतं, ते रचलेलं आहे. ‘अँड आय लव्ह हर’चे चार सूर या कसोटीत पहिल्या फटक्यात पास होतात.

इंग्लंडमधल्या न्यायालयांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडवून बघितलाय. १९९९ मध्ये स्पॅन्डाउ बॅलेचे तिघे, गायक, सॅक्सोफोनवादक आणि ड्रमर, गाणी लिहिणाऱ्या गॅरी केम्पविरुद्ध हरले. केम्प शब्द, चाल आणि कॉर्ड बांधून आणत असे. ‘ट्रू’मधला सोळा मात्राखंडांचा सॅक्सोफोनचा सोलो हे चांगलं वादन आहे, रचना नाही, असं ठरलं. गंमत म्हणजे केम्प हा त्या बँडचा गिटारवादक, म्हणजे गिटारवादक दरवेळी सोसणाऱ्याच बाजूला असतो असं नाही. उलट बाजूला प्रोकोल हारमचा ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर. १९६७ च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ची ती ऑर्गनची धून त्याची. त्याने दावा लावला २००५ मध्ये, अडतीस वर्षांनी. २००६ मध्ये संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा मिळाला, अपिलात तो पाण्यात गेला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने परत दिला. पण पैसे दावा लावल्यापासूनचे, मागचे नाहीत. एवढं भिजत घोंगडं ठेवण्याची किंमत त्याने मोजली.

बाहेर पडलेल्या इतर गिटारवादकांच्या पहिल्या अल्बमांवरही हेच वळ दिसतात. मिक टेलर १९६९ ते १९७४ रोलिंग स्टोन्समध्ये होता. त्या सगळ्या काळात ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ या एका गाण्यावर त्याचं नाव रचनाकारांत आहे. त्याचा स्वतःचा अल्बम यायला १९७९ उजाडलं, आणि तोवर त्याची वाट बघणारे पांगले होते. स्टीव्ह हॅकेटने १९७७ मध्ये जेनेसिस सोडला. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या ‘प्लीज डोन्ट टच’ या अल्बममधला त्याच नावाचा तुकडा आधी बँडमध्ये वाजवून बाजूला ठेवलेला होता.

आता इकडे. हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या संयोजकांनी काय केलं हे वेगळं सांगायला नको. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. तिच्यामागची व्हायोलिनं, तिला छेद देणारी दुसरी ओळ, दोन कडव्यांमधला पीस हे कागदावर उतरायचं यांच्या हातून. १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत भारतीय कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली स्वररचना अशी व्याख्या होती. म्हणजे कायद्याला हवा होता तो कागद ज्याच्या हातचा, त्याचंच नाव रचनाकारांत नाही. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये गुरूचं नाव एका गाण्यात अमर केलं, पण नाव अमर होणं आणि नाव रॉयल्टीच्या नोंदीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आज कायदा बराच बरा आहे. लिहिलेलं असो वा नसो, संगीत रचणारा तो रचनाकार. दोघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, आणि वादकाचा कलाकार म्हणूनचा हक्कही बळकट झाला. पण कायदा खोलीत बसून बघत नाही. पुण्या-मुंबईतल्या, पणजीतल्या चार मुलांच्या बँडने गाणं आयपीआरएसकडे, म्हणजे रचनाकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, नोंदवताना जे आकडे भरले, तेच पुढे चालतात.

म्हणून स्प्लिट शीट. एक पानाचा कागद: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कागदोपत्री असलेलं नाव, शब्दांतला वाटा, संगीतातला वाटा, संस्थेचा सदस्य क्रमांक, सह्या. रचनेचा हक्क आणि मुद्रणाचा हक्क यांचे दोन वेगळे रकाने ठेवायचे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. स्टुडिओचा खर्च ज्याने केला त्याचा वाटा मुद्रणात असू शकतो, म्हणून तो चालीचा मालक होत नाही. तिघांत वाटताना ३३.३३ तीनदा लिहिलं की बेरीज ९९.९९ येते. एकाला ३३.३४ द्यावं आणि कुणाला ते तिथेच ठरवावं. दोघांनी आपापल्या परीने वेगवेगळे आकडे नोंदवले आणि बेरीज शंभरच्या वर गेली, तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. कागद कधी करायचा? गाणं पक्कं झालं त्या संध्याकाळी. स्टुडिओत रिफ बदलला किंवा नवा आला तर त्याच दिवशी दुसरा कागद, पहिला रद्द असं लिहून.

आकडे किती? माझं मत असं: शब्दांना निम्मं, संगीताला निम्मं. संगीताच्या निम्म्यात चाल आणणाऱ्याला मोठा भाग, आणि वरच्या कसोटीत उतरणाऱ्या प्रत्येक तुकड्याला दहा-पंधरा टक्के. मोकळ्या सोलोला शून्य. ड्रमच्या साध्या ठेक्यालाही शून्य, पण गाणं ज्या ठेक्यावरून ओळखलं जातं त्याला नाही.

याला विरोध करणारे म्हणतील, एवढी कुरकुर कशाला, सगळ्यांना समान वाटा द्या. आरईएमने चौघांची नावं सरसकट लावली, ब्लॅक सबाथने सुरुवातीच्या अल्बमांत तेच केलं, क्वीनने १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून सगळी गाणी बँडच्या नावावर घातली. हे चालतं, आणि भांडणं कमी होतात हे मान्य. पण चौघेही खरोखर काम करत असतील तरच. एकजण रात्रभर जागून गाणं आणतो आणि दुसरा बास घेऊन उशिरा येतो, अशा बँडमध्ये समान वाटा म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. शिवाय सबाथच्या समान वाट्यामुळेही टोनी आयोमीचे रिफ कुणी रचले हे कागदावर कळत नाहीच. पैसा मिटतो, श्रेय धूसर राहतं. मला समान वाट्यापेक्षा खरी नोंद जास्त प्रामाणिक वाटते, मग ती एखाद्याला बोचली तरी.

सोडून जाण्याचीही एक ओळ त्या कागदात हवी, आणि ती कुणी लिहीत नाही, कारण नवीन लग्नात घटस्फोटाचं बोलायचं नसतं. जाणाऱ्याने आणलेले अपुरे तुकडे कुणाचे? तो गेल्यावर बँड ते वापरणार का, वापरले तर कुठल्या टक्क्याने? जो पेरीने १९७९ मध्ये एरोस्मिथ सोडला, १९८० मध्ये ‘लेट द म्युझिक डू द टॉकिंग’ हा अल्बम काढला, आणि तो परत आल्यावर १९८५ मध्ये त्यातलं त्याच नावाचं गाणं नवे शब्द घालून एरोस्मिथच्या अल्बमवर आलं. तिथे माणूसच परतला म्हणून निभावलं.

हॅरिसनच्या बाबतीत जानेवारी १९६९ मध्ये कुठलं गाणं कुणी आणलं हे आज तारखेनिशी सांगता येतं, ते कुणी नोंद ठेवली म्हणून नाही. चित्रपटवाल्यांनी दोन नाग्रा टेप मशीन महिनाभर चालू ठेवली होती म्हणून. तालमीच्या खोलीत आता प्रत्येकाच्या खिशात त्याहून बरं यंत्र असतं. बटण दाबायचं, तुकडा वाजवायचा, आणि फाइलला तारखेबरोबर वाजवणाऱ्याचं नाव द्यायचं. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ असं नाव ठेवलं तर मात्र पाच वर्षांनी वकिलालाही काही करता येत नाही.